चांदीचे सहा गुंठे

दिवाळी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या अनेक कातकरी वाड्या निम्म्याअधिक रिकाम्या होतात. माणसे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत पोरांसकट सगळ्यांचा मुक्काम विस्तवाच्या शेजारी असतो. खालापुरात त्याच्या जोडीला खोपोली, रसायनी आणि पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आहेत. कुठे वाफ, कुठे आम्ल, कुठे वितळलेला धातू. भाजलेला माणूस गावाजवळच्या दवाखान्यात पोहोचला की जखम धुऊन तिच्यावर बहुधा एकच पांढरे मलम लावले जाते, सिल्व्हर सल्फाडायझिन. जखम मोठी असेल तर पुढे ऐरोली नाही तर मुंबई गाठावी लागते.

हे मलम १९६८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणले. जवळपास साठ वर्षे झाली, जगभर त्याने असंख्य जीव वाचवले आणि आजही ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण त्याची उणीवही डॉक्टरांना माहीत आहे. भाजलेल्या जखमांवरच्या वेगवेगळ्या पट्ट्या आणि मलमे यांच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात, हे मलम लावलेल्या जखमा इतर काही आधुनिक पट्ट्यांच्या तुलनेत उशिरा भरतात, असे दिसले आहे. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतली बहुतेक गरीब असतात. म्हणजे प्रश्न छोटा नाही, आणि नव्या औषधाची गरजही काल्पनिक नाही.

या गरजेवर पुण्यात काम झाले आहे. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी १ लाख कोटी रुपयांचा निधी सुरू केला आणि प्रयोगशाळेतले ज्ञान बाजारात आणण्याची भाषा पुन्हा एकदा ऐकू येऊ लागली. म्हणून त्या जुन्या कामाकडे आता नव्याने पाहायला हवे.

आघारकर संशोधन संस्था ही पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे. नावांच्या या जवळिकीने टपालवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत अनेकांचा घोळ होत असणार. आघारकर म्हणजे मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून निघालेल्या या संस्थेला १९९२ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. डॉ. किशोर पाकणीकर यांची संशोधनाची कारकीर्द याच संस्थेत घडली. पुढे ते तिचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर मुंबईच्या आयआयटीत अभ्यागत प्राध्यापक.

त्यांची सुरुवात औषधांपासून झालेली नाही. सूक्ष्मजीव आणि धातू यांचे नाते हा त्यांचा मूळ विषय. कारखान्याच्या सांडपाण्यातले शिसे, जस्त यांसारखे धातू जिवाणूंच्या किंवा बुरशीच्या वाया जाणाऱ्या गाळावर शोषून घेता येतात का, याचा अभ्यास त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात केला. औषध कंपन्यांत किण्वनानंतर उरलेला जैविक लगदा टाकून द्यावा लागतो. तोच वापरून धातू पकडायचा, अशी ती काटकसरी कल्पना. १९९८ मध्ये क्लॅडोस्पोरियम नावाच्या बुरशीच्या मण्यांवर त्यांनी द्रावणातले सोने गोळा करून दाखवले. २००३ मध्ये त्याच दिशेने आणखी एक काम प्रसिद्ध झाले, फोटो फिल्म धुतल्यानंतर उरणाऱ्या पाण्याचे. जुन्या फोटो स्टुडिओंत ज्याला ‘हायपो’ म्हणत, ते थायोसल्फेट चांदीला घट्ट धरून ठेवते. पाकणीकरांच्या गटाने आधी जिवाणूंकडून ते थायोसल्फेट खाऊन घेतले आणि मग मोकळी झालेली चांदी बुरशीवर पकडली.

खालापूरकरांना यातले मर्म समजावून सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते आणि त्या यादीत उल्हास आणि पाताळगंगा या दोन्ही नद्या होत्या. टाकाऊ जैविक गाळाने सांडपाणी स्वच्छ करण्याची युक्ती इथल्या औद्योगिक पट्ट्याच्या फार उपयोगाची होती. पण सांडपाण्याच्या शास्त्राला टाळ्या मिळत नाहीत आणि कारखानदारही कायद्याने भाग पाडल्याशिवाय त्याच्या वाटेला जात नाही. २००० नंतर जगभर वारे फिरले ते नॅनोकडे. भारतातही २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू झाले, पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये ठेवले गेले. सूक्ष्मजीव आणि धातू दोन्ही ओळखणाऱ्या संशोधकाला या वाऱ्याबरोबर जाणे अवघड नव्हते. पाण्यातून चांदी काढणारे हात आता चांदीचे कण घडवू लागले.

नॅनो म्हणजे फक्त बारीक, एवढीच समजूत असते. बारीकपणामुळे काय होते, हे महत्त्वाचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा चांदीचा तुकडा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच तुकडा कापत कापत दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर चांदी तेवढीच राहते, पण सगळ्या ठोकळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. कर्जतच्या भाषेत सांगायचे तर साधारण सहा गुंठे. गुंठ्याचा भाव इथे पोरासोरांनाही पाठ असतो, त्यामुळे फरक लक्षात यावा. साडेदहा ग्रॅम चांदीतून सहा गुंठे जागा तयार होते, आणि जंतूंशी चांदीची गाठ पडते ती याच जागेवर. पृष्ठभागावरून सुटणारे चांदीचे भारित अणू जिवाणूच्या आवरणाला आणि त्याच्या प्रथिनांना चिकटतात, त्याचे श्वसन बिघडवतात. बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवणाऱ्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या वाटीचा जंतूंवर फारसा परिणाम होत असेल असेही नाही, कारण तिचा पृष्ठभाग वाटीएवढाच असतो.

पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण तयार केले, आणि ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये म्हणून जैविक पदार्थाच्या आधाराने स्थिर ठेवले. या कणांचे जेल आणि त्याच्या चाचण्या यांचा तपशील २००९ मध्ये ‘मॉलिक्युलर फार्मास्युटिक्स’ या नियतकालिकात आला. त्यातले एक वाक्य सगळ्यात मोलाचे आहे: सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमाइतकाच जंतुनाशक परिणाम, पण तीसपट कमी चांदीत.

हा आकडा खिशाच्या भाषेत मांडून पाहू. नेहमीच्या एक टक्का मलमाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीन मिलिग्रॅम चांदी असते. तीसपट कमी म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. चांदीचा भाव किलोला १ लाख रुपये धरला, तर २० ग्रॅमच्या ट्यूबमधल्या चांदीची किंमत जुन्या मलमात सहा रुपये होईल, जेलमध्ये वीस पैसे. चांदीचे भाव यापुढे कितीही चढले तरी त्या ट्यूबला त्याची झळ लागणार नाही. मात्र खरा फायदा पैशांचा नाही. कमी चांदी म्हणजे शरीरात कमी चांदी जाणार, आणि चांदी दीर्घकाळ साचल्याने त्वचा कायमची निळसर-राखाडी होण्याचा जो विकार आहे, त्याची शक्यता कमी होणार.

त्या शोधनिबंधातले बारकावे वाचण्यासारखे आहेत, कारण औषध जेलच्या रूपात का द्यायचे हे त्यांतून कळते. चांदीच्या कणांचा थोडा वेळ स्पर्श देऊन ते काढून घेतले, तर जंतू पुन्हा कधी वाढू लागतात हे संशोधकांनी मोजले. जखमांत हमखास सापडणारा स्यूडोमोनास हा जिवाणू साडेदहा तास मान वर काढू शकला नाही. स्टॅफिलोकॉकस मात्र १.३ तासांतच पुन्हा कामाला लागला. अर्थ उघड आहे. एकदा फवारून पुसून टाकण्याने भागणार नाही, कण जखमेवर टिकून राहायला हवेत, म्हणून जेल. दुसरा बारकावा प्रतिजैविकांचा. सेफ्टाझिडिम या औषधाबरोबर चांदीचे कण दिले की दोघांचा परिणाम नुसत्या बेरजेहून जास्त झाला. क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर उलटे झाले, दोघे एकमेकांच्या आड आले. ‘नॅनो’ म्हणजे कशातही मिसळले तरी चालते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या कामाचा क्रमही दाद देण्याजोगा आहे. जेलचा निबंध येण्याआधी आणि त्याच सुमारास याच गटाने चांदीच्या कणांचा मानवी पेशींवर आणि उंदराच्या यकृत व त्वचेखालच्या पेशींवर काय परिणाम होतो, याचे दोन स्वतंत्र अभ्यास विषशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. कण पेशींच्या आत शिरतात, हे त्यांनी लपवले नाही. ठरावीक मात्रेपर्यंत पेशी स्वतःच्या ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणेने बचाव करतात, त्यापुढे मरतात, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. त्या काळात मोज्यांपासून धुलाईयंत्रांपर्यंत सगळ्यावर ‘नॅनो सिल्व्हर’चे शिक्के मारून विक्री चालू होती आणि अपाय तपासण्याची फुरसत फार थोड्यांना होती.

चांदीला जंतू कधीच सरावत नाहीत, हा दावा मात्र कुणी करू नये. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या विभागात १९७५ च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. त्या प्रतिकारामागची जनुके १९९९ मध्ये उलगडली गेली, आणि ती उलगडणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव सायमन सिल्व्हर असावे, हा योगायोग. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख माणसे थेट दगावली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. अशा वेळी चांदीसारखे एक जुने शस्त्र हाती उरले असेल, तर ते कपड्यांत आणि टूथब्रशांत उधळण्याऐवजी जखमांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

पाण्याच्या बाबतीत चांदीचा एक उपयोग कर्जतच्या भातगिरण्यांच्या जवळचा आहे. टाटांनी डिसेंबर २००९ मध्ये हजार रुपयांच्या आत बाजारात आणलेल्या ‘स्वच्छ’ या जलशुद्धी यंत्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. वीज नको, नळाचा दाब नको, भांड्यात पाणी ओतले की पुरे. तुसाच्या राखेचे मूळ तंत्रही पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रातले. म्हणजे कोकणात मुबलक मिळणारा तूस आणि कणभर चांदी यांतून पावसाळ्यात वाडीवर पिण्याजोगे पाणी मिळू शकते, हे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दिसून आले होते.

पाकणीकरांच्या गटाचे पुढचे काम तीन दिशांना गेले. एक दिशा कर्करोगाची. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण, त्यांवर डॉक्सोरुबिसिन हे औषध. बाहेरून रेडिओ लहरी दिल्या की कण तापतात, पेशी भाजतात आणि औषधही तिथेच सुटते. या पदार्थाची खुबी अशी की एका तापमानानंतर त्याचे चुंबकत्व ओसरते, त्यामुळे तो हवा तेवढाच तापतो, आजूबाजूच्या निरोगी पेशी वाचतात. दुसरी दिशा मधुमेहाची. शरीरात इन्सुलिन साठवले जाते ते जस्ताच्या साथीने. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेही उंदरांना झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तोंडावाटे दिल्यावर त्यांची रक्तशर्करा उतरली. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत दिसल्यामुळे अशा बातमीवर उड्या पडणे साहजिक आहे. पण उंदीर आणि माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. जस्ताच्या गोळ्या आणून मधुमेहाचे औषध थांबवणारा रुग्ण डॉक्टरांना नवा नाही.

तिसरी दिशा शेताची, आणि आतल्या रायगडच्या दृष्टीने तीच बहुधा सगळ्यात जवळची. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या नॅनोकणांत जस्त बांधून त्याची गव्हाच्या पानांवर फवारणी केली, तेव्हा दोन वाणांच्या दाण्यांतले जस्त अनुक्रमे २७ आणि ४२ टक्के वाढले. जस्ताची कमतरता मुलांच्या वाढीवर आणि जुलाबाशी लढण्याच्या ताकदीवर परिणाम करते. कर्जतला गहू पिकत नाही, पण भाताचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, त्याच गावाच्या नावाने भाताचे वाण राज्यभर गेले आहेत. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या तालुक्याचे नाव वारंवार येते, तिथल्या भातावर असा प्रयोग करून पाहायला कुणाची हरकत असेल असे वाटत नाही.

आता १ लाख कोटींकडे वळू. हा निधी मुख्यतः खासगी उद्योगांना मिळणार आहे, दीर्घ मुदतीचे आणि कमी किंवा शून्य व्याजाचे कर्ज म्हणून, किंवा भागभांडवल म्हणून. तंत्रज्ञानाची तयारी मोजण्याच्या नऊ पायऱ्या मानतात. चौथ्या पायरीपासून पुढे गेलेल्या प्रकल्पांनाच हा पैसा खुला आहे. भारत आपल्या सकल उत्पन्नाच्या केवळ ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, त्यात खासगी क्षेत्राचा वाटा फारच तोकडा, म्हणून हा उपाय. निदान अर्धे बरोबर आहे. चांदीच्या जेलसारखे काम नेमके या मधल्या पायऱ्यांवर अडते. प्रयोगशाळेच्या बशीत सिद्ध झालेले, उंदरांच्या त्वचेवर निर्धोक ठरलेले औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत न्यायला जो पैसा लागतो, तो शास्त्रज्ञाच्या अनुदानात बसत नाही. त्यातून औषध शरीरात पोहोचवण्याची पद्धत नवी असेल, तर कायदा ते ‘नवीन औषध’ मानतो. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे चांगलेच झाले. निदान काय तपासायचे हे तरी ठरले.

पण कर्ज फेडावे लागते, व्याज शून्य असले तरी. भाजल्यावरचे मलम कोण विकत घेतो? वीटभट्टीवरचा मजूर आणि सरकारी दवाखाना. मजुराकडे पैसे नाहीत आणि दवाखाना सगळ्यात कमी दराची निविदा घेतो. वीस पैशांची चांदी असलेल्या ट्यूबचा खरा खर्च चाचण्यांत, निर्जंतुक कारखान्यात आणि परवान्यांत आहे. तो वसूल करायचा तर किंमत चढवावी लागेल, आणि चढवली तर जुने मलम स्वस्त पडेल. असे असताना कोणता उद्योजक यासाठी कर्ज काढेल? तो केसांसाठी, गोऱ्या त्वचेसाठी, घामाच्या वासासाठी नॅनो चांदी विकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. निधीचा आकडा कितीही मोठा असला तरी खरेदीची हमी नसेल, तर पैसा गरिबांच्या आजारांकडे आपण होऊन वळत नाही. लसींच्या बाबतीत ही हमी सरकारे देतात, म्हणून लसी निघतात. राज्याने २०२३ मध्ये औषधे आणि वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण कायद्याने स्थापन केले आहे. चाचणीत उतरणाऱ्या भाजल्यावरच्या नव्या औषधाच्या इतक्या ट्यूब इतकी वर्षे घेऊ, असे त्याने आधी सांगितले, तर केंद्राच्या कर्जाला गिऱ्हाईक मिळेल.

दुसरी अडचण चाचण्यांच्या जागेची. भाजलेल्या जखमेवरचे औषध मोठ्या शहरातल्या वातानुकूलित विभागात तपासले जाते आणि वापरले जाते ते दमट उन्हाळ्यात, पत्र्याखाली, धुळीत. पट्टी बदलायला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात यायचे म्हणजे वाडीवरून पायी उतरायचे, मिनिडोर पकडायची आणि दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे तिसऱ्या पट्टीनंतर रुग्ण येत नाही. दिवसातून एक-दोनदा लावायच्या मलमाऐवजी दोन-तीन दिवस टिकणारी पट्टी निघाली, तर जंतू किती टक्के मेले यापेक्षा तोच फरक मोठा ठरेल. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत मोजता येत नाही. द्रुतगती मार्गाने पुण्याहून दीड-दोन तासांत येता येते, तेव्हा अशा चाचणीचे एक केंद्र घाटाखाली का असू नये, हा प्रश्न निधी वाटणाऱ्यांनी विचारायला हवा.

तोवर हातात आहे ते जुने मलमच, आणि त्याच्याही आधी पाणी. भाजल्याबरोबर तो भाग २० मिनिटे वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, कोळशाची पूड यांतले काही लावू नये, नंतर डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागते आणि जखम खोल होते. फोड फोडू नयेत, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. तोंड, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, किंवा वीज वा रसायनाने भाजले असेल, तर जखम लहान दिसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जावे. ‘नॅनो सिल्व्हर’ किंवा ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणून इंटरनेटवर मिळणारे चांदीचे पाणी पिऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी उत्पादने सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत असे जाहीर केले आहे, आणि एकदा राखाडी पडलेली त्वचा पूर्ववत करणे फार अवघड असते.